तीस सेकंदांवरून आपलं भांडण

अक्का, तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण फोनवर भांडलो होतो. ते मिटायच्या आत तुम्ही गेलात, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या नोकरीबद्दल, तुमच्या सोशिकपणाबद्दल तेराव्याला सगळे बोलले. मी कोपऱ्यात बसून होते. माझ्या कानात तुमचा तो चढा आवाज होता. "मेघना, तू एक्स्पोजरचं बघ. माझ्या घराचं मी बघते." त्यावर मी नुसतं "बरं" म्हणाले होते आणि फोन ठेवला होता.

विषय निघाला होता येत्या अमावास्येचा. त्या रात्री आपल्याला रोझेट टिपायचा होता. मृगाच्या पूर्वेला, गुलाबाच्या फुलासारखा पसरलेला तो तेजोमेघ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून फोटो घ्यायचा, तसे कितीतरी फोटो घ्यायचे, मग संगणकावर ते एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे काळ्यातून लाल रंग वर यायला लागतो. एकेक फोटो किती वेळाचा, म्हणजे एक्स्पोजर किती, आणि कॅमेऱ्यापुढे कुठला फिल्टर, एवढे दोनच प्रश्न. त्या दोन प्रश्नांवर आपण काही वर्षं भांडत आलो. मी तीन मिनिटं म्हणायची, तुम्ही तीस सेकंद म्हणायचात.

आपली ओळख झाली तेव्हा मला म्हैसूरला येऊन फार दिवस झाले नव्हते. सांगलीहून नोकरीसाठी आलेली मी, कुवेंपुनगरात भाड्यानं राहत होते. एका शाळेच्या मैदानावर आकाश बघायचा कार्यक्रम होता. तिथे मी माझ्या नवऱ्याशी मराठीत काहीतरी बोलले आणि मागून आवाज आला, "तुमी महाराष्ट्रातले की?" वळून पाहिलं तर सुती साडी, पायांत बूट आणि हातात दुर्बिणीची भली मोठी पेटी घेतलेल्या बाई. तुमचे पूर्वज इथे फौजेत आले होते आणि मग इथलेच झाले, हे तुम्ही मला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलंत. तुमचं मराठी ऐकून मला हसू आलं, ते तुम्ही पाहिलंत. "हस की. आमचं मराठी घरातलं आहे, बाहेर फार फिरलेलं नाही," म्हणालात. मग दर शनिवारी दुपारी मी चामराजपुरमला तुमच्या घरी यायला लागले.

दुपारीच, कारण खरं काम दुपारचंच असतं हे तुम्ही मला शिकवलंत. जेवणाच्या टेबलावर कॉफीचे पेले बाजूला सारून आपण रात्र आखायचो. चंद्र कधी मावळतो, मृग कधी वर येतो, समोरच्या घराच्या टाकीआड तो केव्हा जातो. राजवाड्याची रोषणाई कुठल्या दिवशी असते, तेही बघावं लागायचं, कारण रविवारी संध्याकाळी उत्तरेकडचं अर्धं आकाश दुधासारखं व्हायचं. दसऱ्यात तर तुम्ही दुर्बिणीवर चादर घालून ठेवायचात. एका वर्षी मी ऐकलं नाही. चांगला फिल्टर आहे, रोषणाई काय करणार, म्हणून मी तुमच्याच गच्चीवर रात्रभर फोटो घेतले. सकाळी पाहिलं तर सगळ्या फोटोंवर शेवाळासारखी झाक. रस्त्यावरच्या माळांमधले हिरवे दिवे फिल्टरमध्ये ऑक्सिजनच्या हिरवट प्रकाशासाठी जी फट असते नेमके तिच्यातून आत शिरले होते. डोसा वाढलात आणि म्हणालात, "आयतु, झालं ते झालं. एकदा बघायलाच पाहिजे होतं ते."

तुमच्याकडे एक जुना फिल्टर होता. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड तो नेमका अडवायचा. मग गल्लीत पांढरे दिवे आले. पांढऱ्या उजेडात सगळेच रंग असतात, अडवायचं तरी काय काय. एका आठवड्यात तो फिल्टर निकामी झाला. तुम्ही संतापला होतात, महापालिकेच्या कचेरीत जाऊनही आलात. आणि मग तो नवा फिल्टर आणलात, हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा निळसर हिरवा, एवढाच प्रकाश आत सोडणारा. तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

माझं म्हणणं साधं होतं. असा अरुंद फिल्टर लावला की आत येणारा प्रकाश फार थोडा. तीस सेकंदांत तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या दाणेदार खरखरीतच बुडून जातो. झडप तीन मिनिटं तरी उघडी हवी. मी तुम्हाला गणित मांडून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कळतं मला." आणि त्या रात्री पुन्हा तीस सेकंदच लावलेत. मला वाटलं, वय झालं की माणसं हट्टी होतात.

त्यामागचं कारण मला कळलं ते पुढे, एका थंडीत, आपण दोघी गच्चीवर असताना. नुकताच अंधार पडला होता. पहिलेच काही फोटो चालू होते आणि एकदम गच्चीवरचा दिवा लागला. पडद्यावरचा फोटो पांढराफटक. जिन्याच्या तळाशी मामा उभे होते, तुमचे यजमान दौलतराव. स्मृती जायला लागून त्यांना तेव्हा दोन वर्षं झाली असतील. हात बटणावर तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "वसू, अंधारात काय करतेस तिथं?"

"फोटो काढते, ताऱ्यांचे," तुम्ही वरून म्हणालात.

"जेवलीस?"

"नाही अजून. तुमी दिवा घालवा, मी येते."

त्यांनी दिवा घालवला. थोड्या वेळानं पुन्हा लावला आणि पुन्हा तेच विचारलं. तुम्ही पुन्हा तेच उत्तर दिलंत, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी म्हणाले, "अक्का, बल्ब काढून ठेवा ना." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "बल्ब काढला तर ते अंधारात पायऱ्या चढतील," म्हणालात. मग पडद्याकडे बोट दाखवून, "तीन मिनिटांचा असता तर तीन मिनिटं गेली असती. आता तीस सेकंद गेले. परवागिल्ल, चालतंय."

मी पुन्हा गणित मांडलं नाही. पण भांडण संपलंही नाही, कारण आता मला दुसरंच खुपायला लागलं होतं. तुम्हाला एक अखंड रात्र मिळावी असं मला वाटायला लागलं.

सोसले गावी जायचा बेत माझा. माझ्या ऑफिसातल्या एकाची तिथे नारळाची बाग होती, गावापासून बाजूला. आकाश इतकं काळं की फिल्टर लावायची गरजच नाही, नुसतं पाच पाच मिनिटं झडप उघडी टाकायची. तुम्ही महिनाभर "बेड, बेड", नको नको, म्हणत राहिलात. मग तुमची रेखा बंगळूरहून म्हणाली, "आई, मी येऊन राहते अप्पांजवळ. एक रात्र जा तू." तेव्हा तुम्ही तयार झालात. गेल्या हिवाळ्यातली ती अमावास्या. गाडीत बसताना तुम्ही मामांना सांगितलंत, "मी सोसलेला जाते, उद्या सकाळी येते." त्यांनी मान डोलावली. तुम्ही दोनदा मागं वळून पाहिलंत.

बागेत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तारे सरकतील तशी दुर्बीण फिरायला ती आधी ध्रुवताऱ्याशी जुळवावी लागते. आपल्याकडून तो फार खाली दिसतो, आणि उत्तरेला नारळाची झाडं, त्यामुळे तिपाई तीनदा हलवावी लागली. तुम्ही मामांचा जुना स्वेटर घातला होता. बाह्या दुमडून, गुडघ्यांवर बसून, तुम्ही दुर्बीण ध्रुवाशी जुळवत होता आणि मधूनच हसत होता. मी तुम्हाला इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. "मेघना, ही काळी रात्र बघ मा," म्हणालात, "किती वर्षं झाली." जुळणी पुरती झाली नव्हती, पण काय येतं ते बघू म्हणून आपण ओळीनं फोटो घ्यायला कॅमेरा लावला. झडप उघडली. आणि फोन वाजला.

रेखा रडत होती. मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होतं. "आई, अप्पा घरात नाहीत."

तुम्ही उठून उभ्या राहिलात. आवाज चढला नाही. "केव्हापासून?"

"मी कुकर लावायला आत गेले, बाहेर आले तर दार उघडं. सगळी गल्ली बघितली."

"त्यांनी माझं विचारलं होतं?"

"दहा वेळा. तू सोसलेला गेलीस म्हटलं की घाबरत होते. शेवटी मी सांगितलं, आई देवळाला गेलीय, येईल आत्ता. तेव्हा शांत बसले."

तुम्ही डोळे मिटलेत. "गल्लीतलं देऊळ बघितलीस?"

"बघितलं. नाहीत तिथे."

कॅमेरा तसाच टाकून आपण निघालो. बागेतच राहणाऱ्या त्या सहकाऱ्याच्या काकांना मी ओरडून काहीतरी सांगितलं, काय ते आठवत नाही. नरसीपूरच्या रस्त्यावर त्या वेळी उसाच्या गाड्या असतात. एकामागं एक, दिवे नसलेल्या. मी जीव मुठीत धरून गाडी हाकत होते आणि तुम्ही शेजारी सरळ बसला होता, हात मांडीवर. मला वाटत होतं तुम्ही देवाचं नाव घेत असाल. पण तुम्ही विचार करत होतात. वरुणा गाव मागं पडल्यावर एकदम म्हणालात, "त्यांना आत्ताचं काही आठवत नाही. जुनं आठवतं. जुन्यात मी कुठल्या देवळाला जात होते?" आणि स्वतःच उत्तर दिलंत. "नंजनगूड. लग्न झालं तेव्हा दर सोमवारी मी रेल्वेनं नंजनगूडला जात होते. संध्याकाळच्या गाडीनं परत येत होते. हे मला आणायला येत होते, स्टेशनला."

चामराजपुरमचं स्टेशन तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. तुम्ही रेखाला फोन लावलात, ती उचलत नव्हती. पुन्हा लावलात. मी गाडी फाटकाजवळ सोडली तेव्हा नंजनगूडकडून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू आला. तुम्ही धावलात. त्या वयात, त्या बुटांत, जिना चढून फलाटावर. मी मागं होते. मामा फलाटाच्या अगदी कडेला उभे होते, अंगात घरातला सदरा, पायांत वेगवेगळ्या चपला. गाडी आत येत होती आणि ते वाकून एकेका डब्याच्या दारात बघत होते. त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये हातभर अंतर असेल. हाक मारावी तर ते दचकतील, न मारावी तर आणखी वाकतील. तुम्ही हाक मारली नाहीत. भराभर चालत गेलात, मागून त्यांच्या दंडाला धरलंत आणि घट्ट उभ्या राहिलात. गाडी थांबेपर्यंत तुम्ही दोघंही हलला नाहीत.

मग ते वळले. "उशीर झाला?" त्यांनी विचारलं. "मी केव्हाचा आलोय."

मला वाटलं तुम्ही हो म्हणाल. कुणीही म्हटलं असतं. तुमचा श्वास लागला होता, तो खाली बसेपर्यंत थांबलात आणि म्हणालात, "मी देवळाला गेले नव्हते. सोसलेला गेले होते. तारे बघायला."

ते तुमच्याकडे बघत राहिले. "मला नेलं नाहीस," म्हणाले.

"नेलं नाही. चुकलं. उद्या नेते."

घरी रेखा दारात उभी होती. आधी अप्पांच्या गळ्यात पडून रडली, आणि मग तिचा भीतीचा सगळा राग माझ्यावर आला. "तुम्हीच तिला भरीस घालता. ह्या वयात रानात कशाला जायचं? अप्पांना काही झालं असतं तर?" ती खोटं बोलत नव्हती. तुम्ही मामांच्या पायांतल्या चपला काढत खाली बसला होता, तिथूनच म्हणालात, "कुणी भरीस घातलं नाही. मीच गेले. आणि रेखा, त्यांना खोटं सांगू नको. सांगितलेलं विसरतात, पण विसरायच्या आधी ते धरून चालायला लागतात." रेखा म्हणाली, "मग काय करायचं आई? खरं सांगितलं की घाबरतात." तुम्ही म्हणालात, "घाबरू दे. आपण जवळ बसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आणायला गेलो, तेव्हा मामा गाडीत पुढच्या सीटवर होते. तुम्ही शब्द पाळलात. बागेत सगळ्यावर दव पडलं होतं. कॅमेऱ्यानं बॅटरी संपेपर्यंत फोटो घेतले होते, पण जुळणी अर्धी राहिलेली, त्यामुळे प्रत्येक फोटोतले तारे भाताच्या शितासारखे लांबट. पुढच्या फोटोंत तर नुसत्या नारळाच्या झावळ्या. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही ते फोटो मामांना दाखवत होता. "हे काय?" ते विचारत होते, आणि तुम्ही हसू दाबत सांगत होता, "झावळ्या आहेत. पाच पाच मिनिटांच्या."

त्यानंतर तुम्ही सोसलेचं नाव पुन्हा काढाल असं मला वाटलं नव्हतं. पण हा हिवाळा तोंडावर आला तसं तुम्हीच काढलंत. या वेळी मामांना घेऊनच जायचं. गाडीत अंथरूण, थर्मासमध्ये दूध. टेबलावर पुन्हा आखणी सुरू झाली. मी पाच मिनिटं म्हटलं, तुम्ही एक म्हणालात, कारण ते गाडीचे दिवे लावणार हे धरूनच चालायला हवं. मी म्हटलं, मग रात्रीसाठी एक बाई ठेवा, ती त्यांच्याजवळ बसेल. एका रात्रीपुरती नाही, रोजची ठेवा. तुम्ही थकला आहात. जिना चढताना थांबता, मला दिसतं. हे मी त्या शेवटच्या फोनवर म्हणाले, आणि तुम्ही चिडलात. अक्का, तुम्ही चिडलात ते बरोबर होतं की मी म्हणत होते ते, यावर मी रोज वाद घालते. एकटीच. बाई ठेवली असती तर तुम्ही आज असतात का? डॉक्टर म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. तुम्ही म्हणाला असतात, "सुम्ने, उगीच डोकं नको खपवू." पण तुम्ही म्हणायला नाहीत, आणि माझं डोकं थांबत नाही.

आता तुम्हाला सांगायचं आहे ते सांगते.

मामा रोज विचारतात. ऊन उतरलं की त्यांची येरझार सुरू होते. "वसू कुठे?" पहिल्या दिवशी रेखानं तुमचं ऐकलं. खरं सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले, भिंतीला डोकं टेकून. तासाभरानं विसरले आणि पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, ते पुन्हा तसेच रडले, जसं काही पहिल्यांदाच ऐकत होते. अक्का, पहिल्यांदाच ऐकत होते ते. असं त्या दिवशी चार-पाच वेळा झालं. त्यानंतर रेखाच्यानं होईना. तिनं मला फोनवर विचारलं, "एका माणसाला एकाच बातमीनं किती वेळा मारायचं? आईनं हे कधी केलं होतं का? ती तर जिवंत होती, तिला खरं सांगणं सोपं होतं."

मग गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले. दार उघडंच होतं. रेखा आत बंगळूरच्या ऑफिसशी बोलत होती, कानात इअरफोन. मामा बैठकीत नव्हते. मी तिच्याकडे पाहिलं, तिचा चेहरा उतरला. "त्यांनी विचारलं म्हणून मी म्हटलं, आई गच्चीवर आहे," ती म्हणाली. "आत्ताच म्हटलं. रोज म्हणते. रोज नुसते ऐकतात आणि बसतात."

जिन्याचा दिवा लागलेला होता. मी दोन दोन पायऱ्या चढत गेले. तुमच्या गच्चीचा कठडा किती बुटका आहे हे मला त्या क्षणापर्यंत जाणवलं नव्हतं. मामा कठड्यापाशी होते, एक हात त्यावर टेकून पलीकडे, खाली, शेजारच्या अंगणात बघत होते. गच्चीवर तुम्ही सापडला नाहीत, म्हणून आणखी पुढे शोधत होते. मला फलाट आठवला. मी हाक मारली नाही. जवळ गेले आणि मागून दंड धरला.

"वसू इथं आहे म्हणाली रेखा," ते म्हणाले. आवाजात राग होता. "नाही की."

रेखा जिन्याच्या दारात येऊन उभी होती. ती मानेनं मला नाही नाही म्हणत होती. सांगू नका. कठडा तिथेच होता. मी त्यांना धरून टाकीच्या चौथऱ्यापर्यंत आणलं, बसवलं, शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला, कारण तुम्ही म्हणाला होतात, जवळ बसायचं.

"मामा, अक्का गेल्या," मी म्हणाले. "वारल्या."

त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला वाटलं आता पुन्हा ते भिंतीला डोकं लावतील, आणि आज इथे, गच्चीवर. पण त्यांनी विचारलं, "मी कुठे होतो?"

हे त्यांनी आधी कुणालाच विचारलं नव्हतं. कदाचित विचारायच्या आधीच आम्ही सगळे रडायला लागत होतो. मला ते माहीत होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं. सकाळी दूध घेऊन त्या आत आल्या तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होतात आणि मामा शेजारी मांडी घालून बसले होते, तुमचा हात दोन्ही हातांत धरून. बाईंना म्हणाले, हळू बोल, ही झोपलीय. ते किती वेळ तसे बसले होते, कुणाला माहीत नाही.

"तुम्ही जवळ होतात," मी म्हणाले. "स्वयंपाकघरात. त्यांचा हात तुमच्या हातात होता."

"माझ्या?"

"तुमच्याच. आम्ही कुणी नव्हतो. तुम्ही होतात."

त्यांचे गाल ओले झाले होते. मग म्हणाले, "एकटी नव्हती."

"नव्हत्या."

"मग बरं," ते म्हणाले. रेखा दारातच खाली बसली होती, तोंडाला ओढणी लावून.

आता आम्ही असंच सांगतो. एकच वाक्य सांगून थांबत नाही, दोन्ही सांगतो. अक्का गेल्या, तुम्ही जवळ होतात. आधी रेखाला ते जमेल असं वाटत नव्हतं. परवा मी दारात उभी राहून ऐकलं, ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सांगत होती, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून. ते रोज तितकेच हादरतात. रेखा म्हणते, थोडं कमी झालंय. मला तसं वाटत नाही. रोज पहिल्यांदाच ऐकतात, रोज विचारतात, मी कुठे होतो, आणि उत्तर ऐकून रोज म्हणतात, मग बरं.

कालही म्हणाले. मग त्यांनी रेखाकडे पाहिलं आणि विचारलं, "तू जेवलीस?"